मितभाषी म्हणे तू!

प्रिय दादा,
जयभीम.

घरात बसवेना म्हणून तुझ्या ऑटोत येऊन बसलेय. अंगणात मंडपाचे खांब ठोकणं चाललंय, आत बायका भाजी निवडताहेत, आणि दारात तुझा फ्लेक्स लागलाय. उद्या तुला जाऊन वर्ष होतं. फ्लेक्सवर तुझा तो बत्तिशी दाखवणारा फोटो आहे, आणि त्याखाली आपल्या काकांच्या विलासनं छापून आणलंय: 'शांत, मनमिळाऊ व मितभाषी'. मितभाषी! तू! वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आता हे कुणाला सांगू? असलं काही सांगायला मला तुझ्याशिवाय होतंच कोण? म्हणून तुलाच लिहितेय.

विलासला विचारलं, "अरे, हे काय लिहिलंस?" तर म्हणतो, "ताई, गेलेल्या माणसाबद्दल असंच लिहा लागते." लिहा लागते म्हणे! माणूस गेला की त्याची जीभही काढून घ्यायची का?

अमडापूर सोडलं की चिखली येईपर्यंत तुझं तोंड एक मिनिट बंद असायचं का रे? मी शाळेत इंग्रजी शिकवायला निघालेली, तुझ्या बाजूला अंग चोरून बसलेली, मागे सवाऱ्या कोंबलेल्या. ऑटो सुरू झाला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला. "हं, आज कोणता शब्द?" एकदा मी तुला भाज्यांची नावं सांगायला लागले, तर म्हणालास, "भाजीपाला ठेव तुह्या पोरांसाठी. मले बोलण्याचे शब्द दे." मग काय, गॉसिप झालं, चॅटरबॉक्स झालं, ब्रॅगिंग झालं. तू लगेच ते सवाऱ्यांना वाटून टाकायचास. बांगड्यावाल्या मावशी चॅटरबॉक्स, कापड दुकानातले पोकळ बडबड करणारे शेठ विंडबॅग. 'गिफ्ट ऑफ द गॅब', म्हणजे बोलण्याची देणगी, हे मात्र तू कुणाला दिलं नाहीस. ते तुझ्यासाठीच राखून ठेवलंस!

ग्रेपवाइनचा दिवस आठवतो? कुठूनशी कानावर आलेली बातमी इंग्रजीत द्राक्षाच्या वेलावरून येते, असं मी सांगितलं. तू ऑटो हळू केलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "आपल्याकडं द्राक्षं कुठं हाय? आपली बातमी सोयाबीनच्या शेंगातूनच येत असन." मागच्या सवाऱ्या हसून हसून बेजार झाल्या. इंग्रजी म्हणीत फार बोलणारा माणूस बोलून बोलून गाढवाचा मागचा पाय पाडतो, हे सांगितलं तेव्हा तर तू चिखलीपर्यंत छळलंस. "मागचाच काऊन? पुढचा काऊन नाही? अन् गाढव तोवर उभं काऊन राह्यते?" मला काय माहीत रे! मी इंग्रजीची मास्तरीण, इंग्रजांची नातेवाईक नव्हे!

आणि फेकणं! त्या रोह्याची गोष्ट (मी नीलगाय म्हणायचे, तू रोही) मी किती वेळा ऐकली असेल! पहाटे रस्त्यावर रोही आडवा आला, तू हॉर्न वाजवला, तर बाजूला व्हायचं सोडून तो ऑटोच्या पुढे पळायला लागला, "मंत्र्याच्या पायलट गाडीवानी." पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा रोही नाल्यापर्यंत आला होता. मग पेट्रोल पंपापर्यंत. दिवाळीला तो चिखलीच्या नाक्यावर पोचला आणि ट्रॅफिक हवालदारानं त्याला वाट करून दिली. मी म्हणाले, "दादा, स्वतःचा बिगुल स्वतःच वाजवणं म्हणतात याला इंग्रजीत." तर तू म्हणालास, "मंग? शेजारचा येऊन वाजवणार हाय का?"

तुझा रागही यायचा, हे आज सांगून टाकते. माझं ठरलेलं लग्न मोडलं, ते मला कळायच्या आधी चिखलीच्या स्टँडवर कळलं होतं. कुणामुळे? शाळेच्या फाटकाशी बांगड्यावाल्या मावशींनी माझा हात धरला, "जाऊ दे माय, तो तुह्या लायक नव्हताच." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र बोलतच होतास.

पण त्याच तोंडानं तू काय काय केलंस! आपल्या मागच्या गल्लीतल्या म्हातारीचा मुलगा पुण्याहून फोन करत नाही, ही बातमी तू प्रत्येक सवारीला सांगितलीस. ती फिरत फिरत पुण्यातल्या त्याच्या सोबत्यांपर्यंत गेली आणि तो लाजून रविवारी घरी आला. म्हातारीनं तुला पुरणपोळी दिली. तू तिचीही बातमी केलीस.

आता तुझ्या प्रज्ञाबद्दल सांगते. तेच सांगायचंय, म्हणूनच इतका वेळ इकडचंतिकडचं लिहीत बसले.

गेल्या वर्षी तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत एकेक जण माइकवर येऊन तुला मितभाषी म्हणत होता. तुझी लेक माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. हळूच विचारलं, "आत्या, मितभाषी म्हंजे काय?" म्हटलं, कमी बोलणारा. तिनं इकडेतिकडे पाहिलं. "मंग हे कोणाबद्दल बोलून राह्यले?" एवढ्या दुःखातही मला हसू फुटलं. तेवढ्यात वहिनीनं मागून तिला चिमटा काढला. "चूप. लोक पाहून राह्यले."

ती जी चूप झाली ती झालीच रे! तुझी लेक, जी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बातम्या टाकायची! वर्ष झालं, विचारलं तेवढंच बोलते. वहिनीला वाटतं, पोर समजदार झाली. वहिनीवर तरी कसं चिडू? तिला लोकांची भीती वाटते, एकटी पडलीय. काल आलेली पाहुणी प्रज्ञाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बापावर गेली. तोही असाच शांत होता." प्रज्ञानं मान हलवली. हो म्हणाली, दादा! ती तुला विसरायला लागलीय, आणि हे सगळे मिळून तिला विसरायला लावताहेत. मला रात्रंदिवस हाच घोर लागलाय.

आणि थोडा दोष तुझाही आहे. सगळ्या तालुक्याची बातमी तुझ्याकडे, आणि स्वतःच्या छातीत दुखतंय ही बातमी तेवढी कुणाला दिली नाहीस! ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं नंतर या ऑटोच्या खणात सापडली. काऊन रे? काऊन नाही सांगितलं? एकदा तू विचारलं होतंस, "जो पोटातलं ओठावर येऊच देत नाही, त्याले काय म्हणते?" मी म्हणाले, टाइट-लिप्ड. तू म्हणालास, "बापा! ओठ दुखत असतीन बिचाऱ्याचे." मी हसले. तू कुणाबद्दल विचारत होतास, ते मला कसं कळावं? सगळं बोललास आणि जे बोलायचं तेच राहिलं. म्हणूनच मला घरात दुसरं कुणी गप्प नकोय.

थांब. आत्ता काय झालं ते लिहिते.

प्रज्ञा चहा घेऊन आली. तिच्यामागे विलासचा धाकटा पोरगा. तो पुढच्या सीटवर चढला आणि हॉर्न दाबत सुटला. प्रज्ञानं त्याचा हात धरला. "हळू वाजव बे. या हॉर्ननं रोही येते."

"खोटं!"

"खोटं? माह्या बाबाच्या पुढं पळाला होता! चिखलीपर्यंत नाही, पार बुलढाण्यापर्यंत. घाटात बाबाचा ऑटो मागं पडला, त तो थांबून मागं वळून पाहे. बाबा दिसले की पुन्हा पळे."

बुलढाण्यापर्यंत! थांबून पाहायचा! हे तर तूही कधी फेकलं नव्हतंस! माझा चहा सांडला. आतून वहिनीचा आवाज आला, "प्रज्ञा, हळू! पाहुणे हायेत." पोरगी तिथल्या तिथे मिटली.

मी ऑटोतूनच ओरडले, "वहिनी, बोलू द्या तिला!" मंडपवाल्याचा हातोडाही थांबला. वहिनी दारात आली, माझ्याकडे पाहिलं, प्रज्ञाकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "तो रोही नाक्यावरच थांबला होता, पोरी. मी हजारदा ऐकलं." प्रज्ञा म्हणाली, "नाही आई, बुलढाणा."

तर दादा, माझा शब्द घे. उद्या माइक माझ्या हातात आला की फ्लेक्सकडे बोट दाखवून सांगीन, हे खोटं आहे. माझा भाऊ बोलका होता, गप्पिष्ट होता, एक नंबरचा फेकू होता, आणि त्यानं फेकलेलं आम्हाला पुन्हा ऐकायचंय. विलासला राग येईल, येऊ दे. मग माइक प्रज्ञाला देईन, आणि तिचा रोही जाईल तिथवर जाऊ देईन. कुणी तिला चूप म्हणालं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

तू फक्त एक कर. उद्या मधे तोंड घालू नकोस. पाळी तिची आहे.

स्टँडवर तू जिची ओळख 'इंग्रजीत भांडणारी' अशी करून द्यायचास, ती तुझी बहीण,
रंजना