पात्यासाठी पाणी

नाना, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही असतानाही लिहिली नव्हती म्हणा. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कुठे लिहितात? आज लिहायला बसले कारण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही. आईला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "कारखान्याचं मला काय माहीत बाई, मी तर नुसते त्यांचे कपडे धूत राहिले." ते मात्र खरं. तुमचे कपडे ती मागच्या अंगणात वेगळ्या बादलीत भिजवायची आणि पाणी ताकासारखं पांढुरकं व्हायचं. दगडाची भुकटी होती ती. मी ती लहानपणापासून पाहिली, पण कधी तिच्याबद्दल विचार केला नाही. वडिलांना नाना म्हणते म्हणून शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या मुली तुम्हाला माझ्या आईचे वडील समजायच्या, आणि तुम्हीही मुद्दाम काठी टेकल्यासारखं चालून दाखवायचात. अशा गोष्टी मात्र सगळ्या लख्ख आठवतात.

ग्वाल्हेरला खासगी बाजारातल्या आपल्या घरात पाण्याचा काय धाक होता! उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड यायचा आणि आला की सगळं घर पळत सुटायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं मोरीत पाय धुवायला, आणि कुणाला अर्धा पेला उरवून उठलेलं पाहिलं की तुम्ही तो त्यालाच संपवायला लावायचात, पाहुणा असला तरी. मी दात घासताना नळ चालू ठेवला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "काय गं, नदी आली का घरात?" स्वयंपाकघरात आई हसू दाबत पोळ्या लाटते आहे आणि मी तोंडात फेस घेऊन नळ बंद करते आहे, हे मला आजही समोर दिसतं. आणि हाच माणूस कारखान्यात गेला की पाण्याच्या बाबतीत राजा व्हायचा. दगड कापणाऱ्या प्रत्येक पात्यावर नळीतून सतत धार. सकाळी गेल्या गेल्या तुम्ही आधी हजेरी बघायचा नाहीत, प्रत्येक नळीखाली हात धरून धार बघायचात. ती बारीक लागली तर तो कटर सुरू होत नसे. मला वाटायचं, घरी कंजूष आणि मालकाच्या पाण्यावर उदार, असे हे आमचे नाना.

सुट्टीत तुम्ही मला एकदा स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात नेलं होतं, त्या दिवशी बोअरची मोटर जळाली. बाहेर ट्रक उभे, माल त्याच दिवशी जायचा होता. तुम्ही सगळे कटर बंद केले आणि माणसांना कडुनिंबाखाली बसायला सांगितलं. वर त्यांची पूर्ण दिवसाची हजेरीही लावलीत. दुपारी शेठ आले. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांचा आवाज उतरला. "मॅनेजर साहब, बाहर ट्रक खडे हैं और आपके आदमी पत्ते पीट रहे हैं?" मी तिथेच उभी होते. तुम्ही हात मागे बांधून म्हणालात, "शेठजी, बिना पानी के ब्लेड जल जाएगा. ब्लेड कितने का आता है, आप तो जानते ही हैं." शेठ आणखी काही बडबडले, पण निघून गेले. माझा चेहरा लाजेनं तापला होता. परत येताना मी म्हटलं, ते एवढं बोलले, तुम्ही का नाही बोललात? स्कूटर थांबवून तुम्ही मागे वळलात आणि इतक्या कडक आवाजात बोललात की तसं पुन्हा कधी बोलला नाहीत. "मशीन बंद राहिल्या की नाही? मग? मी बोलायला गेलो होतो का तिथे?"  पाटणकर बाजारातून जाताना तुम्ही मला कुल्फी घेऊन दिलीत.

त्या दिवसातून मी एवढंच शिकले, की पाणी पात्यासाठी असतं.

आता त्याच कारखान्यात मी आहे. म्हणजे कारखाना आता कंपनी झाला आहे, ग्वाल्हेरचा दगड परदेशी जातो, आणि माझ्या पदाचं इंग्रजी नाव इतकं लांब आहे की तुम्ही ते ऐकून चहा गार केला असता. थोडक्यात सांगायचं तर कंपनी पाणी, वीज, कचरा नीट सांभाळते की नाही हे बघायचं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना तसं कळवायचं. मी एमबीए झाले तेव्हा, स्वतः दोन शर्टांत वर्ष काढणाऱ्या तुम्ही मला करड्या रंगाची चंदेरी साडी आणली होतीत. "ऑफिसात नेसायला. लग्नातली वाटायला नको," म्हणालात. ती नेसूनच मी पहिल्या मोठ्या मीटिंगला गेले आणि पाण्याचा विषय काढला. कारखान्याच्या मागच्या वस्तीतले हापसे आटले होते, बायका आमच्या फाटकाशी घागरी घेऊन यायच्या, ते मला बघवत नव्हतं. मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, वापरलेलं पाणी गाळून पुन्हा पात्यावर सोडायची टाकी. दुसरी, जी शेड सगळ्यात कमी पाणी वापरेल तिला फिरती ढाल. टाकीला खर्च होता. ढाल लगेच मंजूर झाली.

दोन्ही उन्हाळे ढाल एकाच शेडनं जिंकली, आणि ती होती तुमच्या चेल्याची. तुम्ही ज्याला पोरगेला असताना कामाला लावलंत, ज्याचे पणजोबा फौजेत होते हे तो अजून मिशीवर हात फिरवून सांगतो, तोच. आता सुपरवायझर आहे. ढाल घेताना त्यानं ती डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली आणि माइकवर म्हणाला, "ही ढाल आमच्या गुरूच्या लेकीच्या हातून मिळून राहिली आहे, और क्या चाहिए!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. तुमची आठवण येऊन, अभिमानानं रडले, नाना. नव्या पात्यांना पाणी कमी लागतं असं मी वाचलं होतं, त्यामुळे आकडा एवढा खाली कसा आला असं मला वाटलंही नाही. मी त्या शेडमध्ये कटर चालू असताना गेलेच नव्हते. माझ्या खोलीत बसून मीटर दिसायचे.

या वर्षी तो रजेवर गेला तो परत येईना. मी त्याच्या घरी गेले. दारातूनच खोकला ऐकू आला. त्याची बायको म्हणाली, "ताई, जिना चढला की बसून जातात. रात्री उशी उभी करून झोपतात." मी त्याला तिथून सरळ दवाखान्यात घेऊन निघाले. गाडीत त्याला सहज विचारलं, शेडमध्ये पाणी किती बारीक ठेवता? तो म्हणाला, "बारीक कशाला? बंदच. गमछा बांधतो आम्ही तोंडाला." मी म्हटलं, पण पातं जळत नाही? तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, पातं तर नाना शेठला सांगायचे. शेठला पात्याची किंमत समजायची म्हणून. आम्हाला सांगायचे, धूळ बसली पाहिजे, छातीत गेली तर निघत नाही." मग जणू माझी समजूत काढत म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला ठाऊकच असेल. नानांची लेक सांगून राहिली आहे, म्हणजे नवीन काही निघालं असेल. विचार केल्याशिवाय थोडीच म्हणेल."

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसत नव्हतं.

त्यानंतर मी कंपनीत गेले आणि जे करता येण्याजोगं होतं ते केलं. ढाल बंद. वरच्या साहेबांसमोर, म्हणजे त्याच शेठच्या मुलासमोर, धूळ, फुप्फुसं, एक्स-रे, सगळं पडद्यावर दाखवलं. ते खरोखर हळहळले. "बहुत बुरा हुआ. मास्क तो दिए हैं ना?" म्हणाले. मी म्हटलं, परदेशी गिऱ्हाइकांना पाठवलेला पाणी बचतीचा अहवाल परत मागवू. "अगली बार देखते हैं," म्हणाले. मी टाकीचं काढलं, तर घड्याळ बघितलं. मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, सर, कोरडं कापल्यामुळे ब्लेड लवकर जातायत. खोटं नव्हतं ते, पण मी त्यासाठी आले नव्हते. ते पुढे झुकले. किती लवकर, विचारलं. टाकी त्याच बैठकीत मंजूर झाली आणि पाणी दुसऱ्या सकाळी सुरू झालं. बाहेर येऊन मी जिन्यात उभी राहिले. काम झालं होतं आणि मला माझीच इतकी घाण कधी वाटली नव्हती. तुम्हाला तसं वाटायचं का? दर उन्हाळ्यात शेठसमोर हात बांधून पात्याची किंमत सांगताना, ज्यांच्यासाठी सांगत होतात ते झाडाखाली बसलेले असायचे, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?

आणि हेच विचारायचं होतं, नाना. शेठला एक कारण सांगितलंत, तुमच्या चेल्याला दुसरं सांगितलंत. मला का नाही सांगितलंत? स्कूटर थांबवली होतीत, मागे वळला होतात, मी समोरच होते. एक वाक्य पुरलं असतं. का तुम्हाला वाटलं की घरातल्या मुलीला हे कधी लागणारच नाही? मी तुमच्यावर चिडले आहे, आणि चिडायला तुम्ही नाही म्हणून आणखी चिडले आहे. तुमच्या चेल्याच्यानं आता काम होणार नाही. डॉक्टर म्हणतात धूळ जुनीही आहे, पण या दोन उन्हाळ्यांनी जे केलं ते आता मागे जायचं नाही. बसून राहतो, टीव्ही बघतो, मी गेले की उठायचा प्रयत्न करतो आणि मी त्याला बसवते.

हे कुठे धाडायचं नाही, त्यामुळे शेवटचंही लिहून टाकते. आईला सांगितलेलं नाही, त्याच्या बायकोलाही नाही. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे उजेडावर धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पानी बंद किसने करवाया?" मी म्हटलं, "कंपनी ने." तो शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खोकला दाबून डॉक्टरांना म्हणाला, "हां साहब, कंपनी ने."