दोन्ही बाजूंनी संयम

दादा,

तू राजदूत झालास तेव्हा आई गावभर सांगत सुटली, "आमचा पोरगा देशादेशांची भांडणं मिटवतो." म्हणून तर नवऱ्याने मारल्यावर मी सुजलेला गाल घेऊन थेट तुझ्या बंगल्यावर आले; तू परदेशातून सुटीवर आलाच होतास.

तू काय केलंस? त्यालाच चहाला बोलावलंस. हॉलमधल्या दोन खुर्च्या तिरप्या लावल्यास, मध्ये फुलदाणी ठेवलीस. पेपरातल्या फोटोत दोन देशांचे पुढारी बसतात ना, तसं आम्हाला बसवलंस. मी म्हटलं, "दादा, याने मला मारलं." तू घसा खाकरून म्हणालास, "दोन्ही बाजूंनी संयम पाळायला हवा."

अरे, मी काय गालाने त्याच्या हातावर हल्ला केला होता? दोन्ही डगरींवर हात ठेवायचा तुला पगार मिळतो, कबूल. पण सख्ख्या बहिणीच्या बाबतीतसुद्धा?

निघताना तू त्याला दारापर्यंत सोडायला गेलास. ज्या हाताची पाच बोटं माझ्या गालावर उठली होती, तोच हात दोन्ही हातांत धरून हसलास. वर आईला फोनवर सांगितलंस, "छान बोलणं झालं." मला शिसारी आली. त्याची नाही, त्याची सवय झालीय. तुझी.

मी आता मैत्रिणीकडे राहते. पोलिसांत तक्रार दिलीय. हे पत्र मात्र पाठवणार नाही. पाठवलं तर "तुझ्या भावना पोचल्या" असं गुळगुळीत उत्तर येईल, आणि तसंच एक त्यालाही जाईल.

कधीकाळची तुझी बहीण,
आता नुसती
दुसरी बाजू