डाव्या हाताचं रक्त

मंगळवार, संध्याकाळ. निगडी.

रक्त मी डाव्याच हातातून काढलं होतं. घरी येऊन आंघोळ झाली, चहा झाला, तरी राग उतरत नाही.

चाकणच्या कंपनीत प्रेसखाली पाय चिरडलेल्या त्या माणसाचं रक्त गोठत नाहीये. एवढ्या जखमेत कधीकधी शरीर स्वतःच हेपॅरिनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या साखरा रक्तात सोडतं. त्या मोजणं हेच आमच्या लॅबचं काम. आकडा भलताच चढा आला. सर म्हणाले, "उजव्या हाताच्या सलाइनच्या लाइनमधून काढलंस ना? ती तुंबू नये म्हणून नर्स तिच्यात हेपॅरिन सोडतात. पुन्हा आण."

"सर, डाव्या हातातून काढलंय."

"सगळ्या असंच म्हणतात." आणि माझ्यासमोर लाल पेनाने नोंद खोडली. बारा वर्षं सुया टोचतेय मी. मला डावा-उजवा कळत नाही?

तरी मी गेले. का गेले? तिथेच अडून बसायला हवं होतं. त्याची बायको म्हणाली, "ताई, सकाळीच काढलं न्हवं? परत कशाला?" मी आपलं "चेक करायचंय" म्हटलं. पुन्हा डावाच हात.

आकडा तोच. सर म्हणाले, "बरं, लिही आता." बस्स, एवढंच!

निघताना वॉर्डात डोकावले. मी टोचलेल्या जागेवर ती बाई दुपारपासून कापूस दाबून बसलेली. तिसरा बोळा, तोही लाल.

माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमी जावा घरी, ताई. थांबल आता."