बुधवारचा आकडा

७ मे, बुधवार
पस्तीस वर्षं उंद्रीच्या शाळेत शिपाई होतो. आता सत्तरीत मलेच वर्गात बसवून राह्यले! समाजमंदिरात शुगरवाल्या म्हाताऱ्यांची शाळा. मास्तरीण सारिका सिस्टर — माह्या नातीएवढी. ताटाचं चित्र दाखवते. अर्धं ताट भाजी खा म्हणे. भाजी काय भावानं मिळते ते चित्रात नाही.
मग बोटाले सुई. आकडा समद्यांसमोर मोठ्यानं वाचला. माहा २८०. बाजूले बसलेली तानाबाई पदराआड हसली. तिचा काय कमी होता?

३ जून
उद्या तपासणी. कालपासून नुसता कोरा चहा. शेतापर्यंत दोन चकरा मारल्या.

४ जून, बुधवार
१२८! टाळ्या वाजवल्या समद्यांनी. सिस्टर म्हणे, शिकवलेलं कामी आलं. डोंबल कामी आलं.
पुंजाजी २९० वर. माहा लहानपणचा दोस्त, अजून रोजानं जातो लोकांच्या शेतात. मान खाली घालून बसला होता. बाहेर त्याले म्हटलं, "काऊन तोंड पाडतं बे? दीड दिवस उपाशी राह्य, झालं."

६ ऑगस्ट, बुधवार
पुंजाजी मागच्या महिन्यात पास, आज बी पास. ११०. माह्याहून कमी, बेटा! डॉक्टर आले होते. खूश होऊन त्याची एक गोळी बंद केली. एवढं शिकलेले, अन् दोन अडाणी म्हाताऱ्यांनी बनवलं.

२४ ऑगस्ट
पुंजाजीच्या पायात आठ दिवसांपासून काटा मोडलेला. त्याले दुखलंच नाही म्हणे. पाय काळा पडला. बुलढाण्याले नेला.

२५ ऑगस्ट
सिस्टर घरी आली. "बाबा, त्यांची शुगर पाचशेवर निघाली. आकडे चांगले आले म्हणून तर गोळी बंद केली होती. असं कसं झालं हो?"
मले विचारते! वर्गात तर समदं येत होतं तिले.
म्या सांगितलं, मले काय माहीत. ती डोळे पुसत गेली. चुकलं माहं. 

२९ सप्टेंबर
पुंजाजी घरी आला. पायाची दोन बोटं गेली. मले पाहून हसला, जवळ बोलावलं, हळूच म्हणे, "परवा तपासणी हाय ना? यावेळी किती दिवस उपाशी राहू?"
त्याच्या सुनेले ताट वाढायले सांगितलं. तो जेवायले बसला, तसा मी सिस्टरकडं निघालो.