बिनठिपक्यांची फाईल

मंगळवार, १४ तारीख

प्रिय दादा,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा आता जिन्यापुरताच कुरकुरतो. तुझी तब्येतही विचारायला हवी, पण आज ते मनापासून जमणार नाही, म्हणून राहू दे.

पाच तारखेला वहिनी दोन चार्जिंग केबली देऊन गेल्या. "वन्सं, जपून वापरा हो. ह्यांनी डोळे फोडून डिझाईन केलंय." त्यांना काही माहीत नाही, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. त्या गेल्यावर मी एकीचं टोक कापलं. आत नखाएवढा बोर्ड. भिंगाखाली धरला. तांब्याची रेघन् रेघ माझी होती.

बोर्ड तपासून झाला की मी कोपऱ्यात तीन ठिपके टाकते, हे तुला ठाऊक आहे. फोटो बघायला म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर बसलास, तेव्हा चोरी दिसू नये म्हणून तू नेमकी बिनठिपक्यांची फाईल उचललीस. दादा, ती तपासणीआधीची होती, म्हणून ठिपके नव्हते. त्यात छप्पन्न हजार ओहमच्या जागी दहा हजारांचा रेझिस्टर राहिला होता. अशी केबल फोनला जास्त करंट ओढायला सांगते. जुना चार्जर तापतो, कधी वितळतो.

हे मला पाच तारखेलाच कळलं. तरी आठ दिवस गप्प बसले. डायरीत रोज लिहायचे, उद्या कळवते. खरं म्हणजे वाट बघत होते. कुणाचा तरी चार्जर जळावा आणि तुझी छी-थू व्हावी. फक्त कुणाला भाजू नये, असं मनाशी म्हणायचे. जणू ते माझ्या हातात होतं.

काल दुपारी आई उशाशी फोन चार्जिंगला लावून पडली होती. केबल वहिनींनी दिलेल्या दोनांतली दुसरी, तुझीच. चार्जरला हात लावला तर चटका बसला.

"काढतेस कशाला? माझ्या लेकानं केलीय ती."

"सैल बसतेय," म्हटलं.

तुला झाकायला बोललेलं हे माझं शेवटचं खोटं.

आज सकाळी तुझ्याकडून डिझाईन घेणाऱ्या कंपनीला कळवलं: माल थांबवा, विकलेला परत मागवा. सोबत माझी ठिपक्यांची फाईल जोडली, तारखेसकट. आधी तुला फोन केला असता, तर रेझिस्टर बदलून तू मोकळा झाला असतास आणि नाव तुझंच राहिलं असतं. म्हणून नाही केला. यात लोकांची काळजी किती आणि सूड किती, हे स्वतःला विचारून पाहिलं. सूडच जास्त निघाला. तरी पाठवलं.

आईला काय सांगायचं ते तू येऊन सांग. मी सांगणार नाही.

हे पत्र दोनदा तपासलं आहे.

तुझी धाकटी बहीण
• • •