डाव्या दाराची मूठ

शिरूर,
१८ जानेवारी २००४

प्रिय प्रगती,

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर आपण दोघं 'जेवण झालं का' याच्या पुढं जात नाही, म्हणून लिहितोय.

आबांची छप्पन सालची मोटार विकून टाका, असं तू म्हणाली होतीस. पुण्याचे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले. जुन्या मोटारी जमवतात. त्यांची अट एकच, आतलं सगळं त्याच सालचं हवं. कागदावर लिहूनच दिलं. सीटच्या कडेचे स्क्रू फुलीचे नकोत, एका चिरेचे हवेत. त्यांच्याखाली पितळी वाट्या हव्यात. काच खालीवर करायच्या मुठींना पांढरे गोटे हवेत, काळे चालणार नाहीत. मला निवृत्तीनंतर दुसरं काम नाही. तीन महिने हेच शोधतोय. कवठे येमाईत एका गोठ्यात तसलीच मोटार पडून आहे असं कळलं म्हणून गेलो, तर तिच्यात कोंबड्या बसलेल्या. मालकीण तानुबाई म्हणाली, "मास्तर, मोटार बगाय आलाय का अंडी न्ह्यायला?" तिथं दोन वाट्या मिळाल्या. बऱ्याच दिवसांनी हसलो. घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं.

बाकीचं दौंडला ज्ञानूच्या भंगारात मिळेल असं वाटलं. पाच खेपा केल्या. रस्ता तुझ्या दारावरूनच जातो. आत आलो नाही.

गेल्या सोमवारी डाव्या दाराची आतली मूठ नमुना म्हणून नेली. कालव्यातून मोटार काढल्यापासून त्या दाराला मी हात लावला नव्हता. मूठ काढली ती न बघताच कागदात गुंडाळली. ज्ञानूनं उलटीपालटी केली. "मास्तर, ही तुमच्या मोटारीची न्हाई. मागनं निघालेल्या गाडीची हाय. तुमच्या दांड्याचे दाते बारीक, हिचे मोठे. बसती, पन धरत न्हाई." मग आतली पत्र्याची पट्टी ओढून काढली आणि हसला. "आन् ही पाचर कुन्या शान्यानं मारली? घाईत फिरवली की मूठ गरगर फिरल, दार हाय तिथंच. आत मानूस आसला तर कोंडलाच की!"

मी म्हणालो, आधीच्या मालकानं.

ती पाचर मी मारली. नव्याण्णव साली मूळ मूठ तुटली. दिसायला तशीच एक मिळाली, ती बसवली. सैल होती म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आत घातला. तुझ्या आईला सांगितलं, वर दाबून हळू फिरवायची. ती चिडवायची, "दार उघडायला बी तुमालाच इचारायचं व्हय?" मिळाली की बदलू, असं मी दर वेळी म्हणायचो. पण शोधली कधीच नाही.

लोक म्हणाले, पाण्याच्या दाबानं दार उघडलं नसेल. मी विज्ञान शिकवलेला माणूस, मलाही ते पटलं. पटवून घेतलं. पण त्या मुठीच्या आतल्या दात्यांच्या कडा पार झिजून गुळगुळीत झाल्यात. एकदोनदा फिरवून तसं होत नाही.

मोनालीच्या बारशाच्या सकाळी तू फोन केलास, घुगऱ्या शिजल्यात, लवकर या. वर्षश्राद्धाला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मी घाई केली नसती तर आई असती. मी तिथंच बसलो होतो. तुला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तू स्वतःवर घेतलंस तेव्हा मला थोडं हलकं वाटलं होतं. प्रगती, आम्ही घाईत नव्हतो. इनामगावच्या पुढं वळणावर मेंढ्या आडव्या आल्या, मी मोटार कडेला घेतली आणि ती कालव्यात उतरली. लगेच बुडाली नाही. माझं दार उघडलं. बाहेर पडलो तसा प्रवाहानं मला पुढं नेलं. तुझ्या आईकडं मूठ फिरवायला वेळ होता. तुझ्या फोनानं तिचं काही झालं नाही. पोरीचं बारसं राहिलं, दोन वाढदिवसही तू केले नाहीस. पुढच्या महिन्यातला कर. मला बोलावू नकोस. बोलावलंस तरी तिच्यासमोर यायचं धाडस माझ्यात नाही.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बाबा