चुऱ्यातलं तूप

२ नोव्हें., रवि.
सफरचंदाचा केक. मधुरानं बेंगळूरहून फोनवर शिकवलेला, वर चुरा असलेला. लेकीच्या कृतीत लोणी आहे, मी तूपच घालते. तुपाच्या व्यापाऱ्याच्या बायकोनं लोणी विकत आणलं तर केशवापुरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मैदा, पिठीसाखर, दालचिनी, घट्ट तूप. बोटांच्या टोकांनी चोळायला लागले आणि वास आला. खवट. आधी वाटलं मैदा जुना. मग डबा हुंगला. डबाच खवट.

हा डबा ह्यांनी सकाळीच माझ्यासमोर फोडला होता. नेहमीसारखं बोटभर तूप पालथ्या हातावर चोळलं, डोळे मिटून वास घेतला, "पहिल्या प्रतीचं" म्हणाले. पालथा हात नाकाशी नेला की हुबळीच्या बाजारात तो निकाल असतो. बाजार ह्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी पास केलं म्हटल्यावर पुढे कुणी हुंगत नाही.

सांगितलं तर नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझा जन्म तुपात गेला, तू मला शिकवतेस होय?"

चुरा टाकून दिला. बरणीतल्या जुन्या तुपात दुसरा केला, उरलेला पेढाही त्यात कुस्करला. केक लावून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. ओव्हनची घंटा कधीचीच बंद पडलीय. दुरुस्त केली नाही, कारण घरात ह्यांचं नाक आहे. व्हरांड्यात पेपर वाचता वाचता हाक देतात, "झाला गं, बंद कर." आजवर कधी चुकले नाहीत.

आज हाक आलीच नाही. जिन्यातच जळका वास. खाली आले तर हे पेपर वाचतायत, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून. धूर दिसल्यावर उठले.
म्हणाले, सर्दी आहे.
नाक तर वाहत नाही.

५, बुध.
दुकानातून लवकर आले. जेवताना आधी दोनच वाक्यं बोलले. मिठाईवाल्यानं तुपाचा डबा परत आणून दिला. जुनं गिऱ्हाईक, ह्यांच्या वडिलांपासूनचं. भांडला नाही, "होगली बिडरी अण्णा, जाऊ द्या, होतं असं" म्हणाला.

भात चिवडत बसले. मग ताटाकडे बघतच, "दुसरा डबा दिला तर त्यानं स्वतः वास घेऊन बघितला. माझ्यासमोर."
मी ताक वाढलं.

९, रवि.
केक केला नाही. केळगेरीला अक्कांकडे गेले, माझ्या थोरल्या जाऊबाई. "सुनेच्या हाताखाली कशा आहात" वगैरे झाल्यावर विचारलं, अप्पांचं दुखणं नेमकं कसं सुरू झालं होतं? अप्पा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. कंपवातानं गेले. शेवटी शेवटी अक्का घास भरवायच्या.

मला वाटलं होतं सांगतील, हात थरथरायला लागला.
"हात नंतर की गं. आधी वास गेला. देवपूजेला बसायचे आणि पेटलेली उदबत्ती समोर असताना विचारायचे, उदबत्ती लावली नाहीस होय? आम्ही हसायचो. म्हातारा चेष्टा करतोय म्हणून. मग पुष्कळ वर्षांनी हात."

मी त्यांच्या दारासमोरच्या तळ्याकडे बघत बसले.
"का गं विचारतेस?"
"सहज."
"सहज कुणी एवढ्या लांब येत नाही." पण पुढे विचारलं नाही त्यांनी. निघताना कुंकू लावलं आणि माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

आजार हत्तीच्या पावलानं येतो म्हणतात. आमच्याकडे मुंगीच्या पावलानं येतोय की काय. मला भीती वाटते. इथे तरी लिहून ठेवते.

१३, गुरु.

भाजी घेऊन आले, दार उघडलं तर घरभर गॅस. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालू. आणि हे दुसऱ्या शेगडीपाशी उभे, चहाचं आधण ठेवून. हातात लायटर.

पिशवी टाकली, हातातून लायटर ओढला, खिडक्या उघडल्या. कांदे सगळीकडे गडगडले.
"अहो, वास येत नाही का तुम्हाला?"
"कसला?"
आणि मग लगेच, "येतोय की. येतोय. बंदच करणार होतो."

तो "कसला" डोक्यातून जात नाही.
संध्याकाळी समोर बसवून बोलले. डॉक्टरकडे जायचं. आधी नाही, मग सर्दी, मग "अप्पासारखं मला काही झालेलं नाही." मी अप्पांचं नावही काढलं नव्हतं. म्हणजे हे स्वतःच तिथवर पोचलेत.
शेवटी सोमवारचं कबूल केलं. अट एकच, मधुराला कळवायचं नाही.

१६, रवि.
ह्यांनीच केक मागितला. दोन सफरचंदं स्वतः सोलून दिली, सालाची लांब पट्टी न तुटता. हात स्थिर आहे, मी बघत होते.

चुरा करून वर पसरला. ओव्हन लावून मुद्दामच भांडी आवरत बसले, वेळ बघितली नाही. आणि बाहेरून हाक, "झाला गं, बंद कर."
उघडून बघते तर अगदी वेळेवर. चुरा तांबूस, सुरी घातली तर कोरडी बाहेर. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. लाज सोडून रडले. हे दारात उभे राहून हसत होते, "बघ, सर्दी गेली म्हणून सांगत होतो ना."

दोघांनी मिळून अर्धा संपवला. उद्याचं डॉक्टरचं रद्द केलं. मीच फोन केला.

खुर्ची जरा हलवलीय व्हरांड्यात. आता तिथून हॉलमधलं घड्याळ दिसतं. उन्हासाठी सरकवली असेल.

२०, गुरु.
नवा माल आलाय. लग्नसराईचा. नमुन्याचा डबा घरी आणला. विक्रीच्या मालाचा नमुना हे नेहमी दुकानातच बघतात, घरी का आणला?
फोडला. पालथ्या हातावर चोळलं, नाकाशी नेलं. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत होते.
मी म्हटलं, "छान आहे की."
मग म्हणाले, "पहिल्या प्रतीचं."

तूप खरंच चांगलं होतं. पण माल पास कुणी केला आज? मीच ना.
खुर्ची अजून तिथेच. आता ऊन त्या बाजूला येतही नाही.

२३, रवि.
सकाळी ठरवलं. नवऱ्याची परीक्षा घ्यायची वेळ यावी म्हणजे काय. पण आज घेतली नाही तर कधीच घेणार नाही, आणि पुन्हा केव्हातरी लायटर हातात असेल.

सगळं रोजच्यासारखं केलं. फोडी, दालचिनी, वर चुरा. भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, दार मोठ्यानं लावलं, ऐकू जावं म्हणून. बटण फिरवलं नाही.
स्टूल ओढून समोर बसले. काचेतून पांढराच्या पांढरा चुरा दिसत होता. मनात एकच, हाक येऊ नये. आत येऊन विचारावं, काय गं, ओव्हन लावायला विसरलीस का. मी आयुष्यभर त्यांची बोलणी खाईन.

बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज. मग पुन्हा.
मग हाक आली. चांगली खणखणीत, आनंदी.
"अगं, झाला. काय घमघमाट सुटलाय. बंद कर."

ओव्हनवर हात ठेवला. गार.
"हो," म्हटलं, "केला बंद."

खुर्ची सरकली, हे आत आले. मी ओव्हनसमोर उभी राहिले, काच झाकून. म्हणाले, "काढ की, चहा करू."
"गरम आहे. निवू दे."
"मग थांबतो," म्हणाले आणि समोर पाटावर येऊन बसले.

अजून बसलेत. मी हे लिहितेय ते त्यांना वाण्याची यादी वाटतेय. एकदा माझ्याकडे बघतात, एकदा ओव्हनकडे. दार मी उघडलेलं नाही. त्यांनीही उघड म्हणून पुन्हा सांगितलेलं नाही.